पुसायचं बटण

मी पदवीधर झालो तो शाळेतल्या सरदेशमुख बाईंमुळे. बनारसला बँकेत लागलो तेव्हा त्यांनी आपल्या वारलेल्या मुलाचा, सुहासचा, जुना लॅपटॉप मला दिला. कीबोर्ड काढला की त्याचा टॅब होई.

तो फार रखडू लागला, म्हणून मुन्शी घाटामागच्या गल्लीतल्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे नेला. बोटं कुर्त्याला पुसत त्याने पेनड्राइव्हवरून विंडोजच्या जागी बसवायच्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्सचे एकेक प्रकार चालवून बघितले. एकाला स्पर्श कळेना, दुसऱ्यात स्क्रीन फिरेना. तिसरा जमला. पण तो बसवण्याआधी जुनं सगळं पुसायचं बटण मिस्त्री स्वतः कधीच दाबत नसे. "अंदर देख लीजिए, फिर आप ही दबाइए."

मी न बघताच दाबलं.

आठवड्याने बाईंचं पत्र आलं. "त्यात सुहासचे फोटो असतील. पाठव रे."

मी मिस्त्रीकडे धावलो, बाईंचं पत्र सांगितलं. त्याने तासभर शोधलं आणि नकारार्थी मान हलवली. माझा चेहरा बघून हळूच म्हणाला, "लिख दीजिए, मिस्त्री ने उड़ा दिया. हमारा नाम थोड़े जानती हैं."

त्याचं नाव मीही कधी विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी लिहिलं: "बाई, सुहासचे फोटो गेले. मिस्त्रीने आत बघायला सांगितलं होतं, मी बघितलं नाही. ते मीच पुसले. रागावून का होईना, उत्तर लिहा."