दिसत न्हाय ते

हिंडलग्यातला माझा शेजारी बेळगावच्या कॉलेजात शिकवतो. सुट्टीत अंतराळातल्या दुर्बिणीनं टिपलेल्या ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख बघत बसतो. माणूस घुमा, कुणाकडे मान वर करून बघणार नाही.

"काय शोधतोस रं एवढं?"

"डार्क मॅटर, अण्णा. दिसत न्हाय ते. पर ताऱ्याच्या पुढनं गेलं की त्याच्या ओढीनं उजेड वळतो, आणि मागचा तारा घडीभर लई उजळतो. त्यावरनं वळखायचं."

बसस्टॉप उलट्या दिशेला, तरी रोज सकाळी हा वळसा घालून आमच्या खिडकीवरून जातो. खिडकीशी बसलेल्या माझ्या आईला हात करतो. आई आता मलासुद्धा ओळखत नाही.

सकाळी तिला भरवताना माझी पाठ खिडकीकडे असते. मध्येच तिचा चेहरा उजळतो. मी घास हातात धरून थांबतो.