डाव्या हाताचा चाकू

खिशातला घडीचा चाकू निवडायला असं काय लागतं, असं म्हणणाऱ्यांनी जन्मात फार तर सफरचंद कापलेलं असतं. ज्यांचा अख्खा दिवस त्या चार बोटांच्या पात्यावर उभा असतो त्यांना विचारा. डावरीला विचारा. पण बेतानं विचारा, कारण या विषयावर ती एकदा सुरू झाली की समोरच्याला उठायची सोय राहत नाही.

डावरी रोपवाटिकेत कलमं बांधायची. बावीस वर्षं. तिला नाव होतं, चांगलं भारदस्त नाव होतं, पण पहिल्याच दिवशी तिनं डाव्या हातात चाकू धरलेला कुणीतरी पाहिला आणि ते नाव जे गेलं ते गेलंच. पत्र्याची लांबलचक शेड, त्यात बाकांची रांग, प्रत्येकाच्या पुढ्यात पिशवीत वाढवलेले खुंट आणि शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या डोळकाड्या. खुंट म्हणजे खालचं मुळांचं झाड, डोळकाडी म्हणजे वर लावायची चांगल्या जातीची काडी. दोघांना तिरका काप घ्यायचा, कापाला काप भिडवायचा आणि वरून पट्टी आवळायची. दोन्ही काप सपाट असले तर काडी जीव धरते. मध्ये केसाएवढी फट राहिली तर पंधरा दिवसांत काळी पडते. सांगायला काम एवढंच आहे.

डावरीची शंभरातली पासष्ट कलमं जगायची. पहिल्या बाकावरच्या मास्तरांची नव्वद. हे मास्तर शाळेतले नव्हेत. त्यांचा हात इतका अचूक होता की सगळी शेड त्यांना मास्तर म्हणायची, आणि तेही बिचारे कधी फुशारले नाहीत. डावरी मात्र पासष्टला जी चिकटली ती तिथून हलेना. सुरुवातीला मुकादमांनी तिला उजव्या हातानं कापायला लावलं होतं. लहानपणी आई तिच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात द्यायची, तसंच ते. उजव्या हातानं दोन वर्षं काढली तेव्हा चाळीसच जगली. मग तिनं कुणाला न विचारता हात बदलला आणि पासष्टवर आली. त्यापुढे सगळ्यांनीच हात टेकले. तिचा हातच वाईट, असं एकदा ठरून गेलं. तिनंही ते मान्य केलं होतं, हे मला तिच्या बाबतीत फार खटकतं.

चाकूबद्दल बोलायची तर सोयच नव्हती. चाकू रोपवाटिकेचे होते. सगळे एका मापाचे, भिंतीवर आकडे घातलेल्या खिळ्यांना टांगलेले. सकाळी घ्यायचा, संध्याकाळी टांगायचा. दर शनिवारी मुकादम स्वतः दगड घेऊन बसायचे आणि सगळ्यांना धार लावायचे. त्या धारेचा त्यांना भलता अभिमान. चाकूला नाव ठेवणं म्हणजे मुकादमांच्या नाकाला मिरच्या झोंबवणं, म्हणून तो विचार कुणी मनातही आणत नसे.

त्या वर्षी जगलेल्या कलमांची मोजणी झाली आणि मुकादमांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "डावरीबाई, पुष्कळ झालं. एवढा महिना बसा, एक तारखेपासून पलीकडं जायचं. माती कालवायची, पिशव्या भरायच्या. पगारात कमी-जास्त काही नाही."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा नवरा शिलाई मशीनचा सुटा भाग तेलात बुडवत बसला होता. मशीन दुरुस्तीचा त्याचा धंदा. माणूस वाईट नाही, पण त्याला भांडणाचा कंटाळा.

"पगार तोच आहे ना?" तो म्हणाला. "मग भर की पिशव्या. मान मोडून बसायला तरी नको."

"पगार तोच आहे हो. पण बावीस वर्षांनी मला हात धरून उठवणार, आणि मी गुमान जाऊन माती कालवायची?"

"मग काय करणार आहेस?"

"चाकू घेणार आहे. माझा स्वतःचा."

नवरा हसला. तिच्याजवळ तरी त्या चाकूचं धड कारण कुठं होतं? तिला वाटलं होतं, एवढ्या हातांतून फिरलेल्या, घासून घासून झिजलेल्या हत्यारात दम राहिला नसेल. खरं कारण तिलाही ठाऊक नव्हतं. राग होता, तो कुठंतरी काढायचा होता, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी ती चाकू-कात्र्यांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोबण. दारात धारेचं चाक, आत काचेचं कपाट आणि त्या दोहोंच्या मध्ये धारवाले काका, चष्मा कपाळावर चढवलेले. येताना तिनं पिशवीतून काड्यांची जुडी आणली होती. कापड घेताना अंगाला लावून बघतात, मग चाकू काडीला लावून का बघू नये?

"घडीचा चाकू दाखवा. रोजच्या वापराचा."

काकांनी आधी त्यांचा लाडका काढला. चकचकीत, लाल मुठीचा, आत सतरा अवजारं.

"यात बाटली उघडायचं आहे, कात्री आहे, दात कोरायचीसुद्धा सोय आहे," काका म्हणाले.

"काका, मला काड्या कापायच्यात. चाकूत संसार नाही थाटायचा."

काकांनी तो मिटला आणि साधे पाच चाकू फडक्यावर मांडले. डावरीनं पहिला उघडला, पातं चिमटीत धरून हलवलं. डुगडुगलं. बाजूला. दुसऱ्याची पाठीमागची स्प्रिंग इतकी ढिली की मनगट झटकल्यावर पातं आपोआप मिटायला लागलं. "हा माझ्याच बोटांवर मिटेल," म्हणून तोही बाजूला. तिसरा मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर डोकावत होतं, म्हणजे काड्यांच्या आधी त्यानं तिचा खिसा कापला असता. चौथ्याबद्दल काकांनीच प्रामाणिकपणे सांगितलं, "हा कधी गंजणार नाही, पण दगडावर घेतलात तर धार काही लवकर धरत नाही."

पाचवा लाकडी मुठीचा, काळसर पोलादाचा. पुसला नाही तर डाग पडणारा, पण धार घेणारा. मूठ तळव्यात भरून राहत होती. काकांनी तो उघडून मिटला तेव्हा टक् असा खणखणीत आवाज झाला. डावरीनं तो उजव्या हातात धरला आणि डाव्या अंगठ्याचं नख पात्यावर फिरवलं. उघडायची खाच सापडेना. चाकू उलटा केला तेव्हा कळलं, खाच पलीकडच्या अंगाला आहे.

काका बघत होते. "डावखुऱ्या का?"

"आहे. काही म्हणणं आहे?"

"माझं काही नाही बुवा. खाच उजव्या हाताच्या सोयीनं पाडलेली असते, म्हणून विचारलं. काम काय करता?"

"कलमं बांधते."

काका एकदम सरळ बसले. त्यांनी कपाटाच्या तळातून एक चाकू काढला. थेट रोपवाटिकेत टांगलेला असतो तसाच. "असाच वापरता? एक अंग सपाट, दुसऱ्या अंगाला उतार?" तिनं मान डोलावली. "मग घ्या, रोजच्यासारखं कापा बघू."

तिनं डाव्या हातानं दोन काड्या कापल्या, काप एकमेकांवर दाबले आणि सवयीनं उजेडासमोर धरले. मधून उजेडाची रेघ दिसत होती. काकांनी तोच चाकू उजव्या हातात घेतला आणि दोन काड्या कापल्या. काका काही कलमं बांधणारे नव्हते, हातही थोडा कापत होता. त्यांच्या कापांतून उजेड आला नाही.

"बघा," काका म्हणाले, "सपाट अंग काडीवर टेकलं तर काप सपाट येतो. उजव्या हातात ते टेकतं. डाव्या हातात उताराचं अंग काडीवर येतं, मग पातं आत घुसतं आणि काप खोलगट होतो. तुमच्या हातात खोट नाही, बाई. उजव्या पायाचा बूट डाव्या पायात घालून चालताय तुम्ही. किती वर्षं झाली या कामाला?"

"बावीस," ती म्हणाली.

तिला आनंद झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर चूक. संतापानं तिचे कान तापले. बावीस वर्षं काळ्या पडलेल्या काड्या उपटताना ती मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती. एवढी साधी गोष्ट, आणि अख्ख्या शेडमध्ये कुणाच्या टाळक्यात शिरली नाही. तिच्या स्वतःच्याही नाही. याचाच तिला जास्त राग आला.

"तो पाचवा चाकू मला माझ्या हाताचा करून द्या," ती म्हणाली.

पाचव्याला दोन्ही अंगांनी उतार होता. काकांनी त्याचं एक अंग घासून सपाट केलं, डाव्या हाताला लागतं ते, आणि खाच दुसऱ्या बाजूला पाडली. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी डावरी पुन्हा काड्या घेऊन हजर. कापलं, उजेडासमोर धरलं, म्हणाली, "टोकाकडं अजून आत घुसतंय." काकांनी पुन्हा घासलं. पुन्हा कापलं, पुन्हा परत. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली, दुकानाच्या दारात काड्यांचा खच पडला. तिसऱ्या खेपेला उजेड आला नाही. काका घाम पुसत म्हणाले, "तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली तर मी दुकान बंद करीन." पण चाकू देताना त्यांनी तो दोनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी डावरीनं आपल्या आकड्याचा चाकू खिळ्यावरच राहू दिला आणि बाकावर बसून खिशातून स्वतःचा काढला. मुकादम पाचच मिनिटांत आले.

"बाहेरचं हत्यार इथं चालत नाही."

"इथलं हत्यार माझ्या हातात चालत नाही." मग तिनं धारेचं ते सगळं समजावून सांगितलं. मुकादम अर्धंच ऐकून हसले.

"हात वाईट तो वाईटच, बाई. चाकूवर कशाला ढकलता? त्याच चाकूनं मास्तर नव्वद काढतात."

"मग दोनशे खुंट मला द्या, दोनशे मास्तरांना. त्याच काड्या, तीच पट्टी. त्यांच्यापेक्षा माझं एक जरी कलम कमी जगलं, तर मी आपल्या पायांनी जाऊन पिशव्या भरीन आणि जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही. पण मोजणी होईपर्यंत हे बाक माझं."

शेडमधले सगळे चाकू थांबले होते. मास्तरांशी बरोबरी! शेजारच्या बाकावरच्या बाईनं तर तोंडात बोट घातलं. मुकादम नाही म्हणणार होते, तेवढ्यात मास्तरच मान न उचलता बोलले, "द्या हो. होऊन जाऊ दे."

पुढचे दीड-दोन महिने डावरीची झोप उडाली. दिवसा ती मान खाली घालून काम करायची, जाता-येता कलमांच्या त्या दोन ओळींकडे मुद्दाम बघायची नाही. घरी चिडचिड करायची. एका रविवारी नवऱ्यानं विचारलं, "हरलीस तर?" ती म्हणाली, "हरले तर पिशव्या भरीन, पण या चाकूला कुणी नाव ठेवलेलं ऐकून घेणार नाही." त्यावर त्यानं मशीनला तेल घातलं, तेच शहाणपणाचं होतं.

मोजणीच्या दिवशी मुकादमांनी मेलेल्या काड्या स्वतः उपटल्या. मास्तरांची दोनशेपैकी एकशे एक्याऐंशी जगली होती. डावरीची एकशे चौऱ्याऐंशी. मुकादमांनी तिची ओळ पुन्हा मोजली. मग दुसऱ्या टोकाकडून मोजली. आकडा काही हलेना.

शेडमध्ये कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच आवरली. मुकादमांनी डावरीच्या बाकावरचा चाकू उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"चाकूच भारी आहे की हा! हातबित काही नाही, सगळी चाकूची करामत. मास्तर, तुम्ही घ्या बरं. तुमच्या हातात हा आला तर दोनशेची दोनशे जगतील."

डावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमी जगली तेव्हा हात वाईट, जास्त जगली तेव्हा चाकू चांगला! "घ्या मास्तर," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर कापा."

मास्तरांनी चाकू उजव्या हातात घेतला. उघडतानाच नख चुकलं. त्यांनी काडी कापली, दुसरी कापली, काप जुळवून उजेडासमोर धरले. मधून उजेड आला. त्यांनी भुवया आक्रसून बैठक बदलली, पुन्हा दोन काड्या कापल्या. पुन्हा उजेड. तिसऱ्या जोडीला तर पातं काडीत इतकं घुसलं की तुकडाच पडला. तीस वर्षांत मास्तरांच्या हातून असा काप कुणी पाहिला नव्हता.

मास्तरांनी तो तुकडा उचलून बाकावर ठेवला. मग त्यांनी चाकू मिटून दोन्ही हातांनी डावरीपुढे धरला.

"असल्या उलट्या चाकूनं माझी दहासुद्धा जगायची नाहीत, बाई."

"माझी पासष्ट जगत होती," डावरी म्हणाली.

मुकादम घसा खाकरत इकडेतिकडे पाहायला लागले. भिंतीवरच्या खिळ्यांकडे त्यांची नजर गेली आणि तिथून झटकन परत आली. "बरं बरं," ते म्हणाले, "उद्यापासून बसा तुम्ही तुमच्या बाकावर."

"उद्यापासून?" डावरीचा आवाज शेडच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "मी इथून उठलेच कधी होते?"

तिनं खुंटांची रांग पुढ्यात ओढली. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. तरी तिनं काडी उचलली आणि डाव्या हातानं काप घेतला.