कापलेली कापूरमाधुरी

गणपतला इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी सुगंधाने रिक्षाचा पडदा मुद्दाम खाली सोडला होता. नवऱ्याला पुढचं दिसू नये म्हणून. पण शेवटच्या वळणावर वारा शिरला, पडदा उडाला आणि त्याला दिसायचं ते दिसलं.

घरासमोरची वाळूची टेकडी सपाट झाली होती. वीस वर्षांपूर्वी समुद्राची वाळू अंगणापर्यंत आली, तेव्हापासून गणपत त्या टेकडीवर कापूरमाधुरी लावत आला होता. वीतभर उंचीचं, जमीन धरून पसरणारं झाड. रुपेरी लवदार पानं, बारीक पांढरी फुलं. रोप रोप लावून त्याने सगळी टेकडी बांधून काढली होती. आता तिथे त्याच्या पुतण्याचे, विनीतचे, पाहुण्यांसाठीचे सहा तंबू उभे होते. जागा सामाईक, पण काका इस्पितळात असताना विचारायचं कोणाला? एका सकाळी जेसीबी आणून विनीत मोकळा झाला होता.

गणपत खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला. सुगंधा पेज भरवायला गेली की ओठ मिटून घ्यायचा. नवव्या दिवशी गेला.

बाराव्याला विनीत सगळ्यांच्या पुढे. पाणी आण, पाट मांड. सुगंधा नुसती त्याच्याकडे बघत बसली होती. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय बिचारीला. धक्का नव्हता तो.

दुपारचा वारा सुटला की वाळू तंबूंत शिरू लागली. गाद्यांवर, पाहुण्यांच्या ताटांत. पौषात विनीत तिच्या पडवीत येऊन बसला.

"काकी, तुझ्या हाताक गुण आसा. ती कापूरमाधुरी परत लावशीत?"

"लावतंय की," सुगंधा म्हणाली. आपला आवाज इतका गोड निघेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

रस्त्याकडेची रोपं तिने खणून आणली. घरात दार लावून एकेक रोप मांडीवर घेतलं आणि पानांखाली बोटभर ठेवून मूळ कोयतीने छाटून टाकलं. त्या मुळांना कापरासारखा वास असतो. हात धुतले तरी जात नसे. रोज निजताना ती बोटं नाकाशी नेई आणि तिला बरं वाटे. उन्हं उतरली की विनीतच्या डोळ्यांदेखत ती रोपं ओळीने लावी, वर पाणी शिंपडी. चार दिवस पानं चमकत. पाचव्या दिवशी माना टाकत.

"रुजाक वेळ लागता रे," ती सांगे, आणि नवी रोपं आणी.

शिमगा झाला, वारा पिसाळला. मे महिन्यात पुण्याहून आलेलं एक कुटुंब पहिल्याच दुपारी सामान भरून निघून गेलं. त्यांच्या लहान मुलीच्या डोळ्यांत वाळू गेली होती. पोरीला डोळे चोळत रडताना सुगंधाने पाहिलं, आणि त्या दिवशी तिने कोयती हातात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घेतली.

शेवटी विनीतनेच एक वाळकं रोप ओढलं. ते अलगद हातात आलं. मग दुसरं, तिसरं. प्रत्येकाला खाली सरळ आडवा घाव. मूठभर रोपं घेऊन तो तिच्यापुढे उभा राहिला.

"कित्याक केलंस ह्यां, काकी? माझो सगळो धंदो बसलो!"

सुगंधा तांदूळ निवडत होती. "तुझो काका नऊ दिवस भिंतीकडे बघी होतो. तू कितके दिवस ह्या वाळूकडे बघतंस?"

"चार म्हयने झाले."

"मगे अजून बघ."

पावसाआधी विनीतने तंबू गुंडाळले आणि तो आंबोलीला मित्राच्या हॉटेलात कामाला गेला. आता तंबूही नाहीत आणि टेकडीही नाही. वाळू थेट सुगंधाच्या घरात येते. चुलीत, पिठाच्या डब्यात, पेजेत दाताखाली करकरते. ती दिवसातून चार वेळा केर काढते.

"आता तरी मुळासकट लाव गो," शेजारची लक्ष्मी म्हणते. "तुझां तुकाच सोसूक लागता."

"लावतलंय," सुगंधा म्हणते. "एक वर्स जांव दे. तो परत येणा नाय ह्येची खात्री पटांदे."