काकांच्या नावाखालचं इंग्रजी

आमची आणि काकांची विहीर सामाईक. सकाळचं पाणी आमच्या कांद्याला, दुपारनंतरचं काकांच्या वांग्यांना. बाबांचे गुडघे धड होते तोवर दुपारी ते दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभे राहून ओरडायचे, "सोडलं हो!" पलीकडून काकांचं "घेतलं!" आलं की मगच घरी जेवायला यायचे. उत्तर आल्याशिवाय पाळी बदलली असं आमच्यात कोणी धरत नसे.

गुडघे गेले आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी गावी, उंद्रीतल्या घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. पाण्याचे वाल फिरवायला रोज शेतात कोण जाणार? सौर पंपाजवळ कंट्रोलरचा डबा बसवला, त्याचा प्रोग्राम मीच लिहिला. प्रत्येक भागाच्या वर मराठीत टिपण घातलं: पाळी कोणाची, पाणी कुठवर. टिपणाच्या सुरुवातीला एक खूण, शेवटी एक. त्या दोन खुणांमधलं माणसांसाठी. यंत्राने ते सोडून पुढचं वाचायचं. तीच टिपणं काकांच्या मोबाइलवर दिसत.

काकांना डब्याचा भरवसा नव्हता. "पाणी शेवटच्या सरीपर्यंत गेलं पाह्यजे, असं लिही त्याच्यात," म्हणाले. मी त्यांच्या डोळ्यांदेखत ती ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना पाणीच येईना.

काका आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "तुमचा कांदा दुपारी बी पाणी पिऊन राह्यला, अन् माहे वांगे सुकून राह्यले. काऊन व?"

"डबा चांगला हाय काका. तुमीच वायर हलवली असन."

उगाच नव्हते बोलले मी. डब्याच्या झाकणावर चिखलाची बोटं पाहिली होती. चोराच्या उलट्या बोंबा, असं बाबांना म्हटलंही. तिकडे काका गावभर सांगत सुटले, शिकलेली पोरगी घरात बसून पाणी पळवते. माझं डोकं फिरलं. त्यात त्यांनी अमडापूरच्या बोअरवाल्याला बोलावल्याचं कानावर आलं. त्यांची बोअर झाली की विहीर आमच्या एकट्याची, आणि भाऊही वेगळे. बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. अक्षर बदललेलं नव्हतं, कंट्रोलरही कसली चूक दाखवत नव्हता. मग माझी नजर बाबांवर गेली. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस माझ्या मागे शेतात जाऊन वाल फिरवत असेल का? त्यांची चप्पलसुद्धा उलटी करून पाहिली. कोरडी होती. लाज वाटली, पण संशय काही गेला नाही.

काका पुन्हा आले ते मोबाइल नाचवत. "माह्या नावाखाली इंग्रजीत काय लिहून ठेवलं व तू?"

मी मोबाइल हिसकावलाच. त्यांच्या शेवटच्या सरीच्या ओळीखाली माझेच हुकूम छापले होते: आमचा वाल बंद कर, काकांचा उघड. यंत्राने पाळायचे हुकूम टिपणात जाऊन बसले होते!

खरा चोर पार्सर निघाला. लिहिलेलं वाचून यंत्राला समजावून देणारा हा भाग कंट्रोलरबरोबर तयारच आला होता. शेवटच्या खुणेच्या वर रिकामी ओळ नसली की त्याला ती खूण दिसतच नसे. पुढच्या टिपणाच्या खुणेपर्यंत सगळं तो टिपण म्हणून गिळायचा. बाकी टिपणांत ती ओळ आपसूक सुटली होती. काकांची ओळ मी घाईत खुणेला चिकटवून घातली. कंट्रोलरच्या पुस्तिकेत यातलं काही नाही.

"म्हणजे मी लिहाले लावलं म्हणून माहं पाणी गेलं?"

"हाव, काका."

"अन् हे मी खरं धरू?"

त्यांच्या जागी मीही धरलं नसतं.

रिकामी ओळ घातली. दुसऱ्या दिवशी बाबा हट्टाने माझ्या स्कूटीवर बसून शेतात आले. दुपारी डब्यात खट्ट झालं. "सोडलं हो!" बाबा ओरडले. पलीकडून काही नाही. काका ठिबकची पहिली नळी चाचपत होते, मग दुसरी. पाणी आलंय हे मला इथून दिसत होतं.

"बाबा, बसा आता."

"गप. उत्तर येऊ दे."

काका ओल बघत बघत शेवटच्या सरीपर्यंत गेले, वाकले, ओला हात धोतराला पुसला. आमच्याकडे न बघताच ओरडले, "घेतलं!"

तेव्हा कुठे बाबा धुऱ्यावर मटकन बसले.