उन्हाच्या बंबातली हवा

नळाच्या धंद्यात किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. लोकांच्या घरात थेट न्हाणीघरापर्यंत जायला मिळतं ते फक्त डॉक्टरला आणि फिटरला. त्यातला डॉक्टर बाहेर बोलत नाही, आम्ही बोलतो! चहाला बसलं की एकातून दुसरं आठवतं. लोणावळ्याच्या उन्हाच्या बंबांचे किस्से तर मी इतक्यांदा सांगितलेत, की ऐकणारेच मध्ये पुढचं वाक्य म्हणतात. तरी सांगतो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. मी परंदवडीचा. रेल्वेच्या शेडमधलं हंगामी काम संपलं तेव्हा दोन मुलांचा बाप होतो. लोणावळ्यात उस्मानभाई फिटरांकडे नळकाम करायला लागलो. माणूस पन्नाशीचा, बोलायला कमी, पण पाइपावर पान्याने टकटक करून आत काय चाललंय ते सांगायचा.

भुशीच्या रस्त्याला एक निवृत्त इंजिनीयर राहायचे. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात चित्र पाहिलं आणि तसा बंब घरी करायला घेतला. लाकडाची उथळ पेटी, तिच्यात काळा रंग दिलेला नागमोडी पाइप, वर काच. पेटी छपरावर उन्हात. तिच्या वर गरम पाण्याची टाकी, आणि तिच्याही वर गार पाण्याची. पाइपातलं पाणी तापलं की आपोआप टाकीत चढतं, गार खाली उतरतं. लाकूड नको, कोळसा नको! फिटिंग आम्ही केलं.

पहिल्या दिवशी रावसाहेबांनी दहा-बारा मंडळी बोलावली. सगळे न्हाणीघराच्या दारात उभे. रावसाहेबांनी पाच मिनिटं इंग्रजी-मराठीत शास्त्र समजावलं आणि ऐटीत नळ सोडला.

फुस्स! नळ एकदा खोकला, दोनदा खोकला. पाण्याचा थेंब नाही.

रावसाहेबांच्या पत्नींनी पुढे होऊन नळाखाली हात धरला आणि त्या म्हणाल्या, "अहो, वारा तरी गरम आहे हो!"

* * *

दोष आमचाच होता. एका ठिकाणी पाइप वर जाऊन पुन्हा जरा खाली आला होता. त्या उंचवट्यात हवा बसली आणि तिने पाणी अडवलं. उस्मानभाईंनी तो तुकडा काढला, पाइप सरळ चढता केला आणि पाणी आलं. तेव्हापासून त्यांचा नियम एकच. "बबन, पाइप घाटातल्या रुळासारखा पाहिजे. एकदा चढायला लागला की मध्ये उतरायचं नाही."

पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार! रावसाहेबांचं बघून आणखी चार-पाच बंगल्यांवर पेट्या चढल्या. त्यात एक मुंबईचे शेट होते. त्यांनी दिवाणखान्याच्या दाराला सुंदर कमान केली होती. म्हणाले, "पाइप कमानीच्या आतून वळवून न्या. मला भिंतीवर पाइप दिसता कामा नये."

उस्मानभाईंनी कमानीकडे बघितलं. पाइप वर जाणार, वळणार, खाली येणार.

"नेतो शेट," ते म्हणाले, "पण मग पाणीपण दिसणार नाही!"

* * *

एक निवृत्त मामलेदार होते. त्यांना डोक्यावरून फवारा हवा होता. बसवला. पण टाकी होती फवाऱ्याच्या जेमतेम हातभर वर, त्यामुळे पाणी करंगळीएवढं यायचं. मामलेदार भडकले. "ह्याला दाब म्हणतात? मी काय इथे ठिबकत बसू?"

उस्मानभाई म्हणाले, "साहेब, टाकी आणि नळ यांच्यात जेवढी उंची तेवढा दाब. टाकी सहा फूट वर न्यायची तर लोखंडी मांडव लागेल."

"दुसरा उपाय?"

"फवारा खाली आणायचा आणि तुम्ही बसायचं."

मामलेदारांनी विचार केला. आम्ही फवारा कमरेएवढ्या उंचीवर बसवला, खाली पाट ठेवला. पाणी धो धो नाही, पण झकास येऊ लागलं. पुढे ते पाहुण्यांना सांगायचे, "उभ्याने अंघोळ करणं प्रकृतीला वाईट असतं!"

* * *

ही चूक माझी एकट्याची. दोघी वृद्ध बहिणी एका टुमदार बंगल्यात राहायच्या, दोघीही शाळेतून निवृत्त. त्यांच्याकडे मी गरम आणि गार पाइप उलटे जोडले. आठ दिवसांनी सहज चौकशीला गेलो.

"कसं काय चाललंय बाई?"

"छान!" थोरल्या म्हणाल्या. "पहिल्यांदा फार हुडहुडी भरायची, पण आता सवय होतेय."

धाकट्या जरा संकोचून म्हणाल्या, "फक्त तो माठ तेवढा बदलायला हवा. बिघडलाय. पाणी गार होतच नाही!"

* * *

बंबाच्या टाकीला वर एक उभी नळी असते, तोंड आकाशाकडे उघडं. हवा तिच्यातून ये-जा करते. एका बंगल्यावर इंदुरीचे तुकाराम आबा माळी होते. तिथला बंब एकदा बंद पडला. वर जाऊन बघतो तर टाकीचा पत्रा आत ओढला गेलेला आणि नळीच्या तोंडात मक्याचं कणीस ठोकलेलं!

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," आबा म्हणाले. "उगडंच व्हतं. येखादं पाखरू जायाचं आत. म्हून बूच मारलं."

उस्मानभाईंनी समजावलं, "आबा, पाणी खाली गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला पाहिजे. बंब त्या नळीनं श्वास घेतो."

आबांचा चेहरा उतरला. "आरं द्येवा! म्हंजी म्या त्याचं नाक दाबलं व्हय!"

मग रोज सकाळी झाडांना पाणी घालायच्या आधी ते शिडीवर चढायचे, नळीवर हात धरायचे आणि खाली मालकिणीला ओरडून सांगायचे, "बाईसाह्येब, चाललाय बगा!"

* * *

आता शेवटचा. बाजारपेठेच्या मागे एका डॉक्टरीणबाईंचं छोटं बाळंतपणाचं घर होतं. त्यांच्या छपरावरही आम्हीच बंब बसवला होता. थंडीचे दिवस, ऊन मात्र स्वच्छ. एके दिवशी सकाळी दोन बाळंतपणं झाली, टाकी रिकामी झाली, पाइपात हवा शिरली. हातपंपाने टाकी पुन्हा भरली. ऊन चढलं तसं वर पाणी तापलं, पण खाली नळाला येईना, म्हणून आम्हाला बोलावणं आलं. दुपारी तिसरी बाई आली, भुशीची, पहिलटकरीण. तिची सासू भागूबाई व्हरांड्यात हात जोडून बसलेली.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "उस्मानभाई, पोरीचं अवघड दिसतंय. वरचं पाणी कढत आहे, ते मिळालं तर लगेच उकळेल. गार पाणी चुलीवर ठेवून बसायला मला वेळ नाही."

मी छपरावर चढलो आणि हवेची नळी तळहाताने दाबून धरली; घटकाभर दाबली तर चालतं, पण उघडी राहिली तर खालून ओढताना पाण्याऐवजी तिच्यातलीच हवा येते. खाली उस्मानभाईंनी नळाला रबरी नळी लावली. आता ती तोंडाने ओढायची, म्हणजे अडलेली हवा बाहेर येते आणि मागून पाणी. आणि मला एकदम आठवलं.

"उस्मानभाई, थांबा! मी खाली येतो! तुमचा रोजा आहे!"

खालून आवाज आला, "हात काढू नकोस!"

एकदा ओढलं, दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा पाणी उसळून आलं. मी उतरलो तेव्हा बादली अर्धी झाली होती आणि उस्मानभाई पायरीवर बसून ठसकत होते.

"गेलं पोटात?" मी विचारलं.

"घोटभर गेलं."

तरी सूर्य मावळेपर्यंत त्यांनी दुसरं काही तोंडात घातलं नाही. मुलगी झाली, आई सुखरूप. भागूबाई चहा घेऊन आली, त्यांनी घेतला नाही. नर्सने तिला कारण सांगितलं.

"म्हंजी आमच्यापायी तुमचा उपास मोडला, भाऊ?"

"त्यात काय मावशी. ईद झाली की एक दिवस जादा धरीन."

"कवा?"

"ईदनंतरच्या सोमवारी."

त्या सोमवारी सकाळी भागूबाई भुशीहून चालत आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. मी चहा दिला. "नगं." पाणी दिलं. "नगं." दुपारी माझ्यातली भाकरी पुढे केली. "नगं म्हनलं न्हवं!"

उस्मानभाईंनी दोनदा विचारलं, "मावशी, काही काम होतं का?"

"काय न्हाई. बसल्येय."

संध्याकाळी मशिदीतून बांग ऐकू आली. उस्मानभाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. भागूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सुटला का वो, भाऊ? मंग मलाबी द्या पानी. लय भूक लागलीया!"