बर्फाचं टक्कल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीटसं कळत नाही. तसा मी सुखी माणूस आहे. दोनदा आमदार झालो, तिसऱ्यांदा पडलो, आता झाडांना पाणी घालतो, दुपारी छान झोपतो. मिरकरवाडा बंदरावर गेलो तर अजून चार लोक 'भाऊ' म्हणून हाक मारतात. मग तक्रार कसली?

आमचा बर्फाचा धंदा होता. बंदराजवळ छोटंसं दुकान. कारखान्यातून लाद्या आणायच्या, मासेमारीला निघालेल्या होड्यांना पुरवायच्या. जेटीवरच्या गर्दीत हातगाडी शिरत नसे. बर्फ डोक्यावरूनच न्यावा लागे — खाली चुंबळ, वर गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी, मानेवरून गार पाणी ओघळतंय. आणि मी? मी दुकानात बसून होड्यांच्या तांडेलांशी गप्पा मारायचो. गप्पा मात्र फर्मास. त्यांच्याच जोरावर पुढे तिकीट मिळालं म्हणा ना.

पहिल्या निवडणुकीच्या सभेत मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, कष्ट म्हंजे काय ता तुमाला म्हायती हाय काय?" मग — काय सुचलं कोण जाणे — मी टोपी काढली, मान खाली घातली आणि टक्कल दाखवलं. म्हणालो, "ह्या डोक्यावरून बर्फ वाहिलाय. केस त्यातच गेले." केवढ्या टाळ्या! टक्कल खरं होतं. तसंच आमच्या वडिलांचंही होतं, आजोबांचंही.

बर्फ वाहिला तो ताईने. माझ्या मोठ्या बहिणीने. सतरा वर्षं. तिच्या टाळूवर पुरीएवढी जागा उघडी पडली आहे, तिथे पुन्हा केस आलेच नाहीत. त्या सभेत ती बायकांमध्ये पुढे बसली होती. मी मान वर केली तेव्हा ती डोक्यावरचा पदर पुढे ओढत होती. घरी जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "बरा बोललास हां."

ते टक्कल मग मी गावोगाव दाखवलं. विधानसभेतही एकदा. मच्छीमारांनी सत्कारात जरीची चुंबळ दिली — तीही घेतली. लाज वाटली का? पहिल्यांदा वाटली. पुढे पुढे तर मलाच ते मानेवरचं गार पाणी आठवायला लागलं.

पण खरं सांगायचंय ते हे नाही. गेल्या महिन्यात एक पत्रकार मुलगी माझ्यावर लिहायला घरी आली. ताई तिथेच भाजी निवडत बसली होती. मुलीने सहज तिलाच विचारलं, "भाऊ खरंच बर्फ वाहायचे?" मी ताईकडे पाहिलं. आता सांगेल, असं वाटलं — आणि विश्वास ठेवा, बरं वाटलं. ताईने मान वर केली नाही. "तर काय," म्हणाली, "ह्या डोळ्यांनी बघितलाय मी."

ताई खोटं बोललेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. बोलली ती माझ्यासाठी. मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मुलीची वही अजून उघडीच होती. मी तिला आणखी चहा हवा का, ते विचारलं.