मिस्त्रींची बदली

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी सांगलीच्या एका तेलगिरणीत मी मॅनेजर झालो. वय अठ्ठावीस. मालकांनी समोर बसवून सांगितलं, "मॅनेजर म्हणजे दुसऱ्यांच्या हातून काम नीट करून घेणारा. आधी आखणी करायची, मग माणसं नेमून द्यायची आणि सगळीकडे नजर ठेवायची." मी ते वहीत उतरवून घेतलं.

गिरणीतले जुने मिस्त्री कोरेगावकडचे. इंजिनाचा आवाज कसा ओळखायचा, पट्टा सैल झाला की काय करायचं, हे मला उमेदवारीच्या दिवसांत त्यांनीच शिकवलेलं. मला ते "गड्या" म्हणत. पण आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एकदा चालू पट्ट्याकडे त्यांचा हात गेला. मी तो वेळेवर ओढला म्हणून वाचला. त्यांना यंत्रावर ठेवणं धोक्याचं होतं. गोदामात नेमायचं मी ठरवलं.

निर्णय चुकीचा नव्हता. पण तो त्यांना तोंडावर सांगायचा धीर मला झाला नाही. मी नोटीस टाइप करून घेतली आणि फळ्यावर लावली.

मिस्त्रींना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं. फळ्यापाशी गर्दी बघून त्यांनी हसतच विचारलं, "काय लिवलंय रं?" एका कामगारानं सगळ्यांदेखत वाचून दाखवलं. मी ऑफिसच्या काचेआडून बघत होतो. त्यांनी हात पुसले, पटका सारखा केला आणि गोदामाकडे न वळता ते फाटकाबाहेर पडले.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसले होते. मला आवाजावरून ओळखलं. "या साहेब," म्हणाले. साहेब!

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"आवं, डोळं गेल्यालं मला कळत न्हवतं व्हय? पर तुमी मला बाजूला बोलवून सांगायचं हुतं. मी सोताच पाना खाली ठेवला असता."

परत चला, नव्या माणसांना शिकवा, असं मी खूप विनवलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कळलं पंधरा दिवसांनी, तेही बाजारात भेटलेल्या त्यांच्या गावच्या माणसाकडून.

नंतर पुष्कळ वर्षं मी मॅनेजरकी केली. कुणाला कामावरून हलवायचं असलं, की उठून त्याच्यापाशी जाई. शब्द जुळत नसत, तरी तोंडावरच सांगे. कामगारांना वाटे, साहेब मोठे दयाळू. त्यांना मी मिस्त्रींची गोष्ट कधीच सांगितली नाही.